पटावरची घरे : मोहावीचे वाळवंट वर्गणीतून कसे राखले गेले

कॅलिफोर्नियाच्या आग्नेय भागातील मोहावी वाळवंटाचा जमीनमालकीचा जुना नकाशा समोर ठेवला, तर प्रथम बुद्धिबळाचा पट आठवतो. एक घर सरकारचे, एक रेल्वेचे, पुन्हा एक सरकारचे. प्रत्येक घराची बाजू एक मैल, क्षेत्रफळ ६४० एकर. मध्ये डोंगर आला, कोरडे सरोवर आले, वाळूच्या टेकड्या आल्या, तरी रेष वाकत नाही. निसर्गाने आखलेली एकही हद्द या नकाशाला मान्य नाही.

या पटाचा जन्म २७ जुलै १८६६ रोजी झाला. यादवी युद्ध संपून जेमतेम वर्ष उलटले होते. अमेरिकी सरकारच्या तिजोरीत पैसा नव्हता, जमीन मात्र अफाट होती. त्या दिवशी संमत झालेल्या अटलांटिक अँड पॅसिफिक रेल्वेच्या कायद्याने रुळांच्या दोन्ही अंगांच्या पट्ट्यांतील विषम क्रमांकाचे चौकोन रेल्वेला देऊ केले आणि सम क्रमांकाचे सरकारकडे ठेवले. रेल्वे आली की भाव चढतील, कंपनी आपले चौकोन विकून खर्च काढील आणि सरकारलाही उरलेल्या जमिनीचे चांगले दाम येतील, असा हिशेब होता. चेमेहुएवी, सेरानो, काहुइया आणि मोहावी हे लोक त्या भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या वावरत होते. त्यांना या वाटणीत कोणी विचारले नाही.

गवताळ मैदानांच्या काळ्या मातीत हे गणित काही अंशी जमले. मोहावीत ते साफ फसले. १८८३ मध्ये कोलोरॅडो नदीकाठच्या निडल्सपर्यंत रूळ पोचले. वाफेच्या इंजिनांना पाणी भरण्यासाठी स्थानके उभी राहिली. त्यांना नावे देताना इंग्रजी वर्णमालेचा क्रमच धरला गेला : अँबॉय, ब्रिस्टल, कॅडिझ, डॅनबी, एसेक्स, फेनर, गॉफ्स. शेतकरी मात्र आला नाही. सखल भागात वर्षाकाठी पाच इंचही पाऊस पडत नाही, तिथे नांगर कोण धरणार? रेल्वेचे चौकोन न विकले जाता शंभरएक वर्षे तसेच पडून राहिले. हे संरक्षण नव्हते. जमीन कोणाला नको होती, एवढेच.

नकोशी वस्तू फुकट ओरबाडली जाते, हे मात्र लवकरच दिसून आले. १९२० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या श्रीमंत वस्त्यांत निवडुंगाच्या बागांची हौस आली आणि मोटारींना वाळवंटात जाण्यापुरते रस्ते झाले. ट्रक भरभरून निवडुंग उपटून नेले जाऊ लागले. पाम स्प्रिंग्जच्या वायव्येला ‘डेव्हिल्स गार्डन’ नावाचे निवडुंगांचे दाट रान होते. ते काही वर्षांत ओसाड झाले. रात्री येणाऱ्या वाटसरूंना मार्ग दिसावा म्हणून शेकडो वर्षांची जोशुआची झाडे मशालीसारखी पेटवून दिली जात.

हे सगळे पाहणारी एक बाई दक्षिण पॅसाडेनात राहत होती. मिनर्व्हा हॅमिल्टन हॉइट ही मिसिसिपीतल्या मळेवाल्या घराण्यात वाढलेली, शल्यचिकित्सकाची पत्नी, उद्यान मंडळांत वजन असलेली. तान्हा मुलगा गेला, पुढे १९१८ मध्ये पतीही गेला. त्या दुःखात तिला वाळवंटातल्या रात्रींचा आधार वाटला, असे तिच्या चरित्रात आवर्जून सांगितले जाते. तिने केलेली गोष्ट मात्र अगदी व्यवहारी होती. शहरातल्या लोकांना वाळवंट म्हणजे काय हे ठाऊकच नाही, मग त्यांना त्याची कळकळ कशी वाटावी? म्हणून तिने वाळवंटच शहरात नेले. १९२८ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या पुष्पप्रदर्शनात, नंतर बॉस्टनला आणि लंडनला तिने खऱ्या वनस्पती, खडक आणि वाळू मांडून मोहावीचे देखावे उभे केले. १९३० मध्ये तिने आंतरराष्ट्रीय वाळवंट संरक्षण संघ स्थापन केला. मेक्सिकोचे अध्यक्ष पास्कुआल ओर्तिस रुबियो यांनी तिला निवडुंगांची प्रेषिता म्हटले.

तिची मागणी दहा लाख एकरांहून मोठ्या राष्ट्रीय उद्यानाची होती. राष्ट्रीय उद्यान विभागाचे निरीक्षक रॉजर टोल १९३४ मध्ये पाहणीला आले. त्यांना या उजाड मुलखात फारसे काही दिसले नाही आणि त्यांनी १,३८,००० एकरांवर बोळवण करणारी शिफारस केली. बाईने थेट अंतर्गत व्यवहारमंत्री हॅरल्ड इकीस यांच्याकडे दाद मागितली. अखेर १० ऑगस्ट १९३६ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सुमारे ८,२५,००० एकरांचे जोशुआ ट्री राष्ट्रीय स्मारक घोषित केले. वाटाघाटी लांबण्याचे एक मोठे कारण तोच जुना पट होता : आखलेल्या हद्दीत जागोजागी रेल्वेची घरे होती. घोषणेने सरकारी जमीन सुरक्षित झाली, खाजगी घर खाजगीच राहिले. १९५० मध्ये खाणवाल्यांच्या आग्रहापुढे नमून स्मारकातून सुमारे २,९०,००० एकर पुन्हा वगळण्यात आले, ही या कथेतली कमी सांगितली जाणारी बाजू.

दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास वाळवंटाचे तुकडे अधिक बारीक होऊ लागले. १९३८ च्या ‘स्मॉल ट्रॅक्ट’ कायद्याने कोणाही नागरिकाला पाच एकरांपर्यंतचा सरकारी तुकडा मिळू लागला. अट एकच, ठरावीक मुदतीत त्यावर छोटेसे खोपटे बांधायचे. ट्वेंटीनाइन पाम्सच्या आसपास अशी हजारो खोपटी उभी राहिली. लोकांनी या जागांना ‘जॅकरॅबिट होमस्टेड’ म्हणजे सशांची वतने असे नाव दिले. पाणी नाही, वीज नाही, रस्ता नाही. बरेच मालक काही सुट्ट्या काढून परत आलेच नाहीत. खोपट्यांची छपरे उडाली, तुकडे मात्र कागदावर जिवंत राहिले आणि सातबाऱ्यावर वारसांची नावे चढत जावीत तशी त्यांवरची नावे वाढत गेली.

याहून मोठा डाव १९५८ मध्ये मांडला गेला. समाजशास्त्राचे माजी प्राध्यापक नॅट मेंडेलसन यांनी मोहावीच्या पश्चिम भागात सुमारे ८०,००० एकर जमीन घेतली आणि लॉस एंजेलिसशी स्पर्धा करील अशा नगराचा आराखडा काढला. त्याचे नाव कॅलिफोर्निया सिटी. मध्यभागी कृत्रिम तळे झाले, मैलोगणती रस्ते आखले गेले, रस्त्यांना नावे मिळाली आणि प्लॉट देशभरच्या लोकांना विकले गेले. घरे मात्र फार थोडी झाली. २०२० च्या जनगणनेत या महानगराची लोकसंख्या पंधरा हजारांच्या आत होती. आजही विमानातून पाहिले तर वाळूत कोरलेल्या रिकाम्या गल्ल्या दिसतात.

त्या गल्ल्या बुजत का नाहीत, हे समजल्याशिवाय पुढची धडपड कळणार नाही. वाळवंटाची जखम भरत नाही. जनरल पॅटन यांनी १९४२ मध्ये इथे रणगाड्यांचे प्रशिक्षण केंद्र उघडले होते. त्या रणगाड्यांच्या चाकोऱ्या अजूनही जमिनीवर स्पष्ट उमटलेल्या आहेत. मातीवरचा शैवाल-सूक्ष्मजीवांचा पातळ कवचासारखा थर एकदा मोडला की तो पुन्हा धरायला पिढ्या जातात. ल्यूसर्न खोऱ्याजवळ क्रिओसोटच्या झुडपांचे एक कडे आहे. एकाच मूळ रोपापासून बाहेर बाहेर पसरत गेलेले हे झुडूप सुमारे ११,७०० वर्षांचे असावे, असा अंदाज आहे. दिसायला मात्र ते रस्त्याकडेच्या कुठल्याही खुरट्या झाळीसारखेच. बुलडोझरवाल्याला ते वेगळे कसे दिसावे?

कॅलिफोर्निया सिटीच्या ईशान्य शिवेवरच वाळवंटी कासवांची दाट वस्ती होती. हे कासव आयुष्याचा बहुतांश काळ बिळात काढते. अंडी घालण्याच्या वयाला यायला त्याला साधारण पंधरा-वीस वर्षे लागतात. त्याच्या बिळांवरून मोटरसायकली आणि जीपगाड्या जाऊ लागल्या. गावांच्या कचऱ्यावर पोसलेले डोमकावळे मऊ पाठीची पिल्ले टिपू लागले. १९७३ मध्ये केंद्रीय भूव्यवस्थापन विभागाने त्या भागात वाहनांना बंदी केली. पण बंदी सरकारी चौकोनांपुरतीच चालणार. मध्ये मध्ये खाजगी तुकडे होते आणि प्रत्येक तुकड्याचा मालक वेगळा, बहुधा दूरच्या राज्यात राहणारा.

तेव्हा १९७४ मध्ये काही जीवशास्त्रज्ञ, कासवप्रेमी आणि साधे नागरिक एकत्र आले आणि त्यांनी वाळवंटी कासव संरक्षण समिती काढली. हेतू एका वाक्यात सांगण्यासारखा होता : वर्गणी जमवायची आणि अभयक्षेत्रातले खाजगी तुकडे एकेक करून विकत घ्यायचे. यात न्यायालयीन लढाई नव्हती, मोर्चा नव्हता. मालक शोधायचा, पत्र घालायचे, उत्तराची वाट पाहायची, भाव ठरवायचा, पैसे जमले की खरेदीखत करायचे. मालक वारला असेल तर वारस शोधायचे. हे काम किती कंटाळवाणे आहे, हे ज्याने कधी सामाईक वारसांची जमीन एका नावावर आणण्याचा प्रयत्न केला आहे त्यालाच कळेल. पुढे भोवती कुंपण झाले आणि १९८० मध्ये सरकारने या क्षेत्राला विशेष पर्यावरणीय महत्त्वाचा अधिकृत दर्जा दिला. सुमारे चाळीस चौरस मैलांचे हे अभयक्षेत्र कासवासाठी राखलेल्या जागांत अग्रगण्य ठरले. ज्या प्लॉटवर महानगर उठणार होते, त्याच्या शेजारचे तुकडे लोकांच्या छोट्या देणग्यांतून कासवाच्या नावे जमा होत गेले, हा योगायोग मोठा बोलका आहे.

रेल्वेचे मोठे चौकोन मात्र अशा वर्गणीच्या आवाक्यात नव्हते. १९८० च्या दशकात सदर्न पॅसिफिक आणि सँटा फे या दोन रेल्वे कंपन्यांनी एकत्र येण्याचा घाट घातला. सरकारी आयोगाने १९८६ मध्ये रेल्वेमार्गांचे विलीनीकरण नाकारले, पण जमिनी मूळ धारक कंपनीकडे राहिल्या. १९९० मध्ये त्यातून कॅटेलस नावाची स्वतंत्र स्थावर मालमत्ता कंपनी निघाली. रेल्वेला जमीन हा जोडधंदा होता, कॅटेलसचा तो मुख्य धंदा होता. फरक इथेच पडला. शंभर वर्षे कोणी ढुंकून न पाहिलेले चौकोन आता भागधारकांच्या ताळेबंदात मालमत्ता म्हणून चमकू लागले.

३१ ऑक्टोबर १९९४ रोजी कॅलिफोर्निया वाळवंट संरक्षण कायदा झाला. डेथ व्हॅली आणि जोशुआ ट्री यांना राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, मोहावी राष्ट्रीय अभयक्षेत्र निर्माण झाले आणि एकोणसत्तर रानटी क्षेत्रे जाहीर झाली. नकाशावर हिरवा रंग पसरला, पण त्यात कॅटेलसची घरे पांढरीच राहिली. त्यांचा विक्रीहक्क शाबूत होता. एखादा चौकोन बंगल्यांच्या प्लॉटसाठी वा खाणीसाठी गेला असता, तर त्याला रस्ता द्यावा लागला असता आणि तो रस्ता आजूबाजूच्या सरकारी चौकोनांतूनच गेला असता. एक घर गेले की भोवतालची चार बिघडतात, असा हा पट होता.

१९९५ मध्ये स्थापन झालेल्या ‘वाइल्डलँड्स कॉन्झर्व्हन्सी’ या संस्थेने हे घाऊक खरेदीचे धाडस केले. डेव्हिड मायर्स हे तिचे सूत्रधार. १९९९ ते २००४ या काळात सुमारे सहा लाख एकर जमीन कॅटेलसकडून घेऊन ती थेट अमेरिकी जनतेच्या, म्हणजे उद्यान विभाग व भूव्यवस्थापन विभागाच्या, स्वाधीन करण्यात आली. खर्च झाला तो सुमारे साडेचार कोटी डॉलर खाजगी देणग्यांचा आणि १.८ कोटी डॉलर केंद्रीय भू व जल संवर्धन निधीचा. हा निधी समुद्रातल्या तेलाच्या स्वामित्वधनातून भरला जातो. सरासरी काढली तर एकरी शंभर-एक डॉलर पडतात. देशाच्या इतिहासातील संवर्धनासाठी झालेल्या मोठ्या जमीन-खरेद्यांत तिची गणना होते.

या खरेदीला सरसकट लोकवर्गणी म्हणणे मात्र खरे ठरणार नाही. खाजगी रकमेचा मोठा भाग डेव्हिड गेलबॉम या एकाच माणसाच्या खिशातून आला होता. गणिताच्या जोरावर शेअर बाजारात संपत्ती मिळवलेला हा गृहस्थ नाव न सांगता देत होता. लॉस एंजेलिस टाइम्सने २००४ मध्ये त्याच्यावर लिहिले तेव्हा लोकांना तो कळला. एका बाजूला पंचवीस-पन्नास डॉलरच्या पावत्या फाडून कासवासाठी तुकडे घेणारी समिती, दुसऱ्या बाजूला एका धनादेशात डोंगररांगा घेणारा दाता. पहिल्या वाटेने सहा लाख एकर कधीच झाले नसते, हे मान्य करावे लागते. दुसऱ्या वाटेचा कच्चा दुवा मात्र पाच वर्षांतच उघडा पडला.

२००९ मध्ये भूव्यवस्थापन विभागाकडे सौर आणि पवनऊर्जा प्रकल्पांच्या अर्जांची रीघ लागली. त्यांतल्या अनेक अर्जांत मागितलेली जमीन याच देणगीतली होती. विभागाचा मूळ कायदा बहुउद्देशी वापराचा. चराई, खाण, वीज, पर्यटन, सगळ्यांना त्यात जागा. देणाऱ्याचा हेतू संरक्षणाचा होता, घेणाऱ्याच्या कायद्यात तो शब्द सक्तीचा नव्हता. ब्रॉडवेल या कोरड्या सरोवराजवळ ब्राइटसोर्स कंपनीने पाच हजार एकरांवर सौरप्रकल्प योजला होता. तिने विरोध पाहून त्याच वर्षी तो सोडला. पर्यावरणवादीच दोन गटांत विभागले गेले. हवामान वाचवायचे तर सूर्याची वीज हवी आणि सूर्य तर इथेच तळपतो, असे एक गट म्हणे. वीज छपरांवर आणि आधीच नांगरून टाकून दिलेल्या शेतांवर का नको, असे दुसरा विचारी. दोघांचेही म्हणणे खोटे नव्हते. गेलबॉम स्वतः स्वच्छ ऊर्जेच्या उद्योगांत पैसे गुंतवत होता, त्यामुळे हा पेच एकाच माणसाच्या हिशेबवहीतही उतरला होता.

सिनेटर डायन फाइनस्टाइन यांनी डिसेंबर २००९ मध्ये या जमिनींसाठी विधेयक मांडले. जनतेने दिलेल्या पैशाचा शब्द सरकारने पाळला पाहिजे, हा त्यांचा युक्तिवाद होता. विधेयक वर्षानुवर्षे रखडले. शेवटी १२ फेब्रुवारी २०१६ रोजी अध्यक्ष ओबामा यांनी १९०६ च्या पुरातन वारसा कायद्याचा आधार घेऊन सुमारे सोळा लाख एकरांचे ‘मोहावी ट्रेल्स’ राष्ट्रीय स्मारक घोषित केले. अँबॉयपासूनची ती वर्णमालेची स्थानके आणि त्यांच्याकडेने जाणारा जुना महामार्ग क्रमांक ६६ त्याच्याच पोटात आहेत. सोबत ‘सँड टू स्नो’ आणि ‘कॅसल माउंटन्स’ ही आणखी दोन स्मारके झाली. ज्या पटावर रेल्वेने डाव मांडला होता, तो निदान या पट्ट्यात बराचसा मोडला.

याच काळात एक लहान खरेदी झाली. एकरांच्या हिशेबात ती नगण्य, पण तिचे वजन निराळे. ‘ओल्ड वुमन’ डोंगररांगांतली २,५६० एकर जमीन २००२ मध्ये ‘नेटिव्ह अमेरिकन लँड कॉन्झर्व्हन्सी’ने घेतली. चेमेहुएवी, काहुइया आणि इतर समाजांतील लोकांनी ही संस्था १९९८ मध्ये उभी केली होती. क्षेत्र पटावरच्या बरोबर चार घरांएवढे. या डोंगरांत त्यांच्या पूर्वजांची पाण्याची ठिकाणे आणि पवित्र जागा आहेत. मृताच्या आत्म्याला सोबत करणारी चेमेहुएवींची ‘सॉल्ट साँग्ज’ ही गीते ज्या भूमीवरून प्रवास करतात, तीच ही भूमी. १८६६ मध्ये ज्यांना न विचारता वाटणी झाली, त्यांच्याच वंशजांनी निधी उभारून, खरेदीखत करून आपले डोंगर परत मिळवले.

मोठे चौकोन मिटले तरी पाच-पाच एकरांच्या सशांच्या वतनांचा प्रश्न उरलाच. त्यासाठी २००६ मध्ये जोशुआ ट्री गावात ‘मोहावी डेझर्ट लँड ट्रस्ट’ स्थापन झाला. गावकरी, चित्रकार, निवृत्त लोक, गिर्यारोहक असे देणगीदार आणि स्वयंसेवक त्याला मिळाले. उद्यानांच्या व रानटी क्षेत्रांच्या पोटातले खाजगी तुकडे घ्यायचे, पडकी खोपटी आणि कचरा उचलायचा, मग ती जमीन सार्वजनिक यंत्रणेला द्यायची, ही त्याची रीत. स्थानिक बियांची पेढीही त्याने उभारली आहे. आजवर एक लाख एकरांहून अधिक जमीन या ट्रस्टच्या हातून राखली गेली.

खरेदीखताने मात्र सगळेच राखले जात नाही. ऑगस्ट २०२० मध्ये मोहावी अभयक्षेत्रात विजेने लागलेल्या डोम वणव्यात ४३,००० एकरांहून अधिक रान जळाले आणि सुमारे तेरा लाख जोशुआची झाडे होरपळली. २०२३ च्या यॉर्क वणव्याने त्याच अभयक्षेत्रात आणखी मोठा पट्टा खाल्ला. बाहेरून आलेले गवत झुडपांमधली मोकळी जागा भरून टाकते आणि आग एका झुडपावरून दुसऱ्यावर जाते. पूर्वी तिला चालायला वाटच नसे. कासवांची संख्याही घटतच राहिली. त्याला १९९० मध्ये केंद्राने धोकाग्रस्त ठरवले होते. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या वन्यजीव आयोगाने त्याला त्याहून वरच्या, संकटग्रस्त, वर्गात घालण्याच्या बाजूने कौल दिला.

१९७४ ची ती कासव समिती अजून चालू आहे. वसंतात कासवे बिळांबाहेर येतात तेव्हा अभयक्षेत्राच्या दाराशी पाहुण्यांना माहिती द्यायला माणूस ठेवलेला असतो. कुंपणाच्या आतबाहेरचे काही तुकडे अजून खाजगी मालकीचे आहेत आणि त्यांच्या मालकांना पत्रे जात आहेत.